यादी आणि ओळख : मेंदूच्या सूक्ष्म केंद्रकांतील न्यूरोपेप्टाइड-संशोधनाची चिकित्सा

प्रास्ताविक

थायरोट्रोपिनस्रावी संप्रेरकाची, म्हणजेच टीआरएचची, रचना 1969 साली निश्चित झाली तेव्हा त्या एका निष्कर्षामागे लाखो प्राण्यांच्या मेंदूंचे ढीग उभे होते. रॉजर गिलेमिन यांच्या गटाने मेंढ्यांचे, तर अँड्र्यू शॅली यांच्या गटाने डुकरांचे हायपोथॅलॅमस कत्तलखान्यांतून गोळा केले होते. वर्षानुवर्षांच्या शुद्धीकरणानंतर हाती आलेले द्रव्य मिलिग्रॅमच्या हिशोबात मोजावे एवढेच होते. रेणू केवळ तीन अमिनो आम्लांचा. परंतु त्याची दोन्ही टोके रासायनिकदृष्ट्या बंद असल्यामुळे टोकापासून एकेक अमिनो आम्ल सोडवीत जाण्याची एडमन पद्धत तेथे चालत नव्हती. गिलेमिन यांच्या गटाने अखेर द्रव्यमान वर्णपटमितीचा, म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्रीचा, आधार घेतला. 1975 मध्ये अ‍ॅबर्डीन येथे जॉन ह्यूज व हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन वेगळे केले, त्याच्या अनुक्रमाच्या निश्चितीतही हॉवर्ड मॉरिस यांनी केलेल्या मास स्पेक्ट्रोमेट्रीचा महत्त्वाचा वाटा होता. न्यूरोपेप्टाइड आणि हे तंत्र यांचा संबंध असा आरंभापासूनचा आहे.

त्यानंतरच्या चार दशकांत या संबंधाचे प्रमाण पार बदलून गेले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन येथील मार्था जिलेट, जोनाथन स्वीडलर आणि नील केलेहर यांच्या गटांनी 2010 साली 'मॉलिक्युलर अँड सेल्युलर प्रोटिओमिक्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. उंदराच्या जातीतील मोठा प्राणी जो रॅट, त्याच्या मेंदूतील सुप्राकायझमॅटिक केंद्रक या अतिशय लहान भागातून त्यांनी 102 पेप्टाइडांची यादी सादर केली. त्यांपैकी 33 पेप्टाइडे पूर्वी नोंदली गेलेली नव्हती, आणि 12 पेप्टाइडांवर अनुवादोत्तर रासायनिक बदल आढळले. एका रेणूसाठी लाखो मेंदू येथपासून एका सूक्ष्म केंद्रकातून शंभर रेणू येथपर्यंतचा हा प्रवास विस्मयकारक आहे यात शंका नाही. तथापि या यादीतील प्रत्येक नावापुढे 'न्यूरोपेप्टाइड' हा शब्द लिहिता येतो काय, हा प्रश्न विस्मयाने सुटत नाही. प्रस्तुत लेखात हा शोधनिबंध मध्यवर्ती ठेवून 'ओळख पटली' या विधानाचा नेमका अर्थ तपासला आहे.

जनुक आणि प्रतिपिंड का पुरेसे नाहीत

मेंदूत कोणते पेप्टाइड आहे हे जाणण्यासाठी एवढे अवघड यंत्र कशाला, जनुक वाचले की काम भागले, असा आक्षेप जीवशास्त्राच्या वर्गात हमखास निघतो. त्याचे उत्तर न्यूरोपेप्टाइडाच्या जन्मकथेत आहे. जनुकापासून प्रथम एक लांब पूर्वप्रथिन तयार होते. लायसिन-आर्जिनिन यांसारख्या जोडस्थानी विशिष्ट विकर ते कापतात; कार्बॉक्सिपेप्टिडेज ई हा विकर टोकावर उरलेले लायसिन व आर्जिनिन काढून टाकतो; टोकाला ग्लायसिन असल्यास त्याचे अमाइडमध्ये रूपांतर होते. एकच पूर्वप्रथिन दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी कापले जाऊ शकते. पोमक हे त्याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण. पोषग्रंथीच्या अग्रखंडात त्यापासून मुख्यतः एसीटीएच मिळते, तर मध्यखंडात त्याच एसीटीएचचे पुढे तुकडे होऊन अल्फा-एमएसएच तयार होते. जनुक एकच, संदेशवाहक आरएनए तोच. शरीराला मिळणारा संदेश मात्र निराळा. गेल्या दशकात एकेका पेशीतील आरएनए मोजण्याची तंत्रे विलक्षण प्रगत झाली, तरीही त्यांतून पूर्वप्रथिनाच्या शक्यतेपलीकडचे काही कळत नाही.

प्रतिपिंडांचा मार्ग याहून जुना आणि आजही सर्वाधिक वापरातला आहे. रोझलिन यालो यांना रेडिओइम्युनोअ‍ॅसेसाठी 1977 चे नोबेल पारितोषिक गिलेमिन व शॅली यांच्याच जोडीने मिळाले, हे या दृष्टीने सूचक आहे. महाराष्ट्रातही नागपूर आणि पुणे येथील प्रयोगशाळांत कार्ट या न्यूरोपेप्टाइडावर प्रतिपिंडांच्या साहाय्याने दीर्घकाळ काम झाले. प्रतिपिंड पेशी दाखवतो, तंतूंची वाट दाखवतो, आणि हे मास स्पेक्ट्रोमेट्रीला सहजी जमत नाही. पण तो रेणूचा एक लहानसा भाग ओळखतो, संपूर्ण रेणू नव्हे. रॅटमध्ये कार्टची 55 ते 102 आणि 62 ते 102 अशी दोन सक्रिय रूपे आहेत. दोहोंना सामायिक असलेल्या भागाविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडाला ती सारखीच. शिवाय प्रतिपिंड तयार करायचा तर काय शोधायचे ते आधी ठाऊक असावे लागते. अज्ञात पेप्टाइड त्याच्या कक्षेबाहेरच राहते.

मास स्पेक्ट्रोमेट्रीचा दावा नेमका येथे सुरू होतो. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात जॉन फेन यांचे इलेक्ट्रोस्प्रे आणि कोइची तानाका यांचे लेसरद्वारा सौम्य आयनीभवन यांमुळे मोठे जैविक रेणू न मोडता आयनरूपात आणता येऊ लागले; दोघांना 2002 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. माल्डी हे आज रूढ असलेले तंत्र मिशाएल कारास व फ्रान्झ हिलेनकाम्प यांच्या कामातून आले. ते 1993 सालीच तळ्यातील गोगलगाय लिम्निया हिच्या एकेका चेतापेशीवर वापरले गेले. गोगलगायीच्या चेतापेशी मोठ्या असतात आणि त्यांत पेप्टाइडाचा साठाही भरपूर असतो. सस्तन प्राण्याचा मेंदू इतका उदार नाही.

सूक्ष्म केंद्रक म्हणजे किती सूक्ष्म

सुप्राकायझमॅटिक केंद्रक दृष्टिचेतांच्या छेदस्थानाच्या अगदी वर, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना असते. शरीराचे दैनंदिन घड्याळ येथे आहे, हे 1972 मध्ये ते केंद्रक नष्ट करून पाहिलेल्या प्रयोगांतून पुढे आले. त्यातील चेतापेशींची संख्या दोन्ही बाजू मिळून सुमारे 20,000. मेंदूचा असा एखादा सूक्ष्म भाग वेगळा काढण्याची कला मिक्लोश पालकोविच यांनी 1973 मध्ये रूढ केली: गोठवलेल्या मेंदूचे काप घ्यायचे आणि पोकळ सुईने हवा तो भाग टोचून काढायचा. अशा कणभर ऊतीत एखादे पेप्टाइड फेम्टोमोलच्या मापात असले तर ते भाग्य समजावे. एक फेम्टोमोल म्हणजे सुमारे 60 कोटी रेणू. ही संख्या वाचताना मोठी वाटते. नळीच्या भिंतीला चिकटून त्यातले निम्मे नाहीसे होऊ शकतात, हे लक्षात घेतले म्हणजे ती लहान होते.

2010 च्या शोधनिबंधाची खरी गुणवत्ता या पार्श्वभूमीवर उठून दिसते. केशिकानलिकेतील द्रव-क्रोमॅटोग्राफी, फूरिए-रूपांतर मास स्पेक्ट्रोमेट्री आणि या कामासाठीच घडवलेली संगणकप्रणाली यांचा मेळ घालून वस्तुमानातील चूक दशलक्षांत 5 भागांपेक्षा कमी राखली गेली. ही अचूकता केवळ मिरवण्याची नाही. ग्लुटामिन आणि लायसिन या दोन अमिनो आम्लांच्या वस्तुमानांत 0.036 डाल्टन एवढाच फरक आहे. अमाइडीकरणाची गोष्ट त्याहून नाजूक. अमाइड झालेल्या पेप्टाइडाचे वस्तुमान मूळ आम्लरूपापेक्षा 0.984 डाल्टनने कमी होते. परंतु कार्बन-13 मुळे प्रत्येक पेप्टाइडाचे एक जड भावंड सुमारे 1.003 डाल्टन अंतरावर उभे असतेच. त्यामुळे अमाइडाचे जड भावंड आणि आम्लाचे मूळ रूप यांत सुमारे 0.019 डाल्टनचे अंतर उरते. 2,000 डाल्टनच्या पेप्टाइडाच्या बाबतीत हा फरक दशलक्षांत 10 भागांच्याही किंचित आत येतो. साध्या यंत्राला दोन्ही एकच दिसतील. अमाइड असणे-नसणे ही क्षुल्लक बाब नाही. अनेक न्यूरोपेप्टाइडे अमाइडावाचून आपल्या ग्राहीला दादही देत नाहीत. म्हणून उच्च विभेदनाचा आग्रह येथे सर्वस्वी योग्य ठरतो.

लेखकांनी आपली यादी अत्यंत खात्रीची असल्याचे म्हटले आहे. वस्तुमान आणि अनुक्रम यांपुरते हे विशेषण मान्य करण्यास हरकत नाही. अडचण निर्माण होते ती वाचक हीच खात्री पुढच्या पायरीवर, म्हणजे जैविक भूमिकेवर, नकळत चढवू लागतो तेव्हा.

शोधाचे क्षेत्र आणि खात्रीची किंमत

सर्वसाधारण प्रथिनविश्लेषणात नमुना ट्रिप्सिनने कापला जातो. ट्रिप्सिन लायसिन व आर्जिनिन यांच्यापाशीच कापतो, त्यामुळे 250 अमिनो आम्लांच्या प्रथिनातून होऊ शकणारे तुकडे साधारण दोन-तीन डझन. न्यूरोपेप्टाइडांच्या शोधात ट्रिप्सिन वापरता येत नाही, कारण शरीराने स्वतः कोठे कापले हेच शोधायचे असते. आता कापाची जागा कोणतीही असू शकते. त्याच 250 अमिनो आम्लांच्या प्रथिनातून सलग तुकडे निवडण्याच्या शक्यता 31,375 होतात. त्यांत प्रत्येकी फॉस्फेट, अ‍ॅसेटिल, अमाइड असण्या-नसण्याच्या शक्यता मिळवल्या म्हणजे संगणकासमोर अक्षरशः गवताची गंजी उभी राहते. जेवढ्या शक्यता अधिक, तेवढी एखादा तुकडा निव्वळ योगायोगाने जुळण्याची भीती अधिक. यावर उपाय म्हणून उलट्या अनुक्रमांची खोटी माहितीसूची जोडून चुकीच्या जुळण्यांचे प्रमाण अजमावण्याची रीत रूढ झाली. ती उपयुक्त आहे. पण ती संपूर्ण यादीविषयी बोलते, यादीतील एखाद्या विशिष्ट नावाविषयी नाही. संशोधक मात्र पुढचा प्रयोग करतो तो एखाद्या विशिष्ट नावावरच.

काही प्रश्न तर कितीही अचूकता आणली तरी सुटत नाहीत. ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचे वस्तुमान तंतोतंत एक आहे. डी-रूपातील अमिनो आम्ल आणि एल-रूपातील अमिनो आम्ल वजनाने अभिन्न. बेडकाच्या त्वचेतील डर्मॉर्फिनमध्ये डी-अ‍ॅलॅनिन असते आणि त्याची ओपिऑइड क्रिया त्यावरच अवलंबून असते. फॉस्फेट आणि सल्फेट यांच्यातील फरक 0.0095 डाल्टन, म्हणजे 2,000 डाल्टनच्या पेप्टाइडात दशलक्षांत 5 भागांच्या उंबरठ्यावर. मेंदूत विपुल असणारे कोलेसिस्टोकायनिन-8 सल्फेटयुक्त असते, आणि त्याचा सल्फेट यंत्रातल्या विभाजनात सहज गळून पडतो. 2010 च्या शोधनिबंधात नोंदलेल्या बदलांचे प्रकार चार आहेत: अमाइडीकरण, फॉस्फेटीकरण, पायरोग्लुटामेट आणि अ‍ॅसेटिलीकरण. सल्फेट त्यांत नाही. यावरून सल्फेटयुक्त पेप्टाइडे त्या केंद्रकात नाहीत असा अर्थ काढणे चुकीचे होईल. त्याचप्रमाणे व्हॅसोप्रेसिन, ऑक्सिटोसिन, सोमॅटोस्टॅटिन यांसारख्या गंधक-पुलाने वळवलेल्या पेप्टाइडांचे यंत्रात नीट तुकडे पडत नाहीत, म्हणून तो पूल आधी न तोडल्यास त्यांची ओळख पटणे कठीण जाते. तात्पर्य, अशा यादीतील उपस्थिती हा पुरावा आहे. अनुपस्थितीला मात्र पुराव्याचे मोल नाही. हा भेद शोधनिबंधांच्या सारांशांतून फार क्वचित स्पष्ट केला जातो, आणि अध्यापनात तर तो बहुधा गळूनच जातो.

मृत्यूनंतरची मिनिटे

या क्षेत्रातील सर्वांत कठीण प्रश्न मात्र यंत्रात शिरण्यापूर्वीच उद्भवतो. प्राण्याचा मृत्यू झाल्यापासून काही मिनिटांतच मेंदूतील विकर प्रथिनांचे तुकडे पाडू लागतात. प्रथिने विपुल, न्यूरोपेप्टाइडे विरळ. विपुल प्रथिनाचा हजारावा हिस्सा तुटला तरी त्याच्या तुकड्यांचा पूर विरळ पेप्टाइडांना बुडवून टाकतो. संवेदनक्षम यंत्राला हा पूर अधिकच स्पष्ट दिसतो. स्वीडनमधील उप्साला येथील गटाने, तसेच न्यूयॉर्क येथील लॉइड फ्रिकर यांच्या गटाने, सूक्ष्मलहरींनी मेंदूचे तापमान झटक्यात वाढवून विकर निष्क्रिय करण्याचा मार्ग अवलंबिला. या उपायाने प्रथिनांचे तुकडे लक्षणीय प्रमाणात घटले आणि खरी न्यूरोपेप्टाइडे वर आली. स्टॅथमिन या प्रथिनाचा 2 ते 20 हा तुकडा तर नमुना बिघडल्याची खूण म्हणूनच उप्साला गटाने सुचवला. नमुन्यात हा तुकडा सापडला की यादीकडे संशयाने पाहावे, असा त्याचा व्यवहारी अर्थ.

सूक्ष्म केंद्रकांच्या अभ्यासात हा उपाय सरसकट वापरता येत नाही, ही खरी कोंडी आहे. उष्णतेने शिजलेल्या मेंदूचे पोत बदलते आणि मिलिमीटरहून लहान केंद्रक नेमके टोचून काढणे अवघड होते. 2010 च्या कामात मेंदूचे काप शरीराबाहेर प्रक्रिया करून वापरले गेले. घड्याळाच्या अभ्यासात कापांची ही परंपरा जुनी आहे, कारण या केंद्रकाची लय बशीतही चालू राहते. पण काप करताना सुरी हजारो पेशी फाडते, आणि फाटलेल्या पेशींतील विकर वाट पाहत बसत नाहीत. यादीतील जे पेप्टाइड ज्ञात पूर्वप्रथिनातून आलेले आहे व ज्याच्या दोन्ही टोकांना कापाची अपेक्षित जोडस्थाने आहेत, त्याविषयी चिंता कमी. अन्य प्रथिनांतून आलेल्या तुकड्यांविषयी मात्र प्रत्येक वेळी वेगळा पुरावा मागितला पाहिजे.

हा आग्रह केवळ काटेकोरपणाची हौस नाही, हे हिमोप्रेसिनच्या उदाहरणावरून पटेल. 2003 मध्ये रॅटच्या मेंदूतून नऊ अमिनो आम्लांचा एक तुकडा वेगळा झाला. तो हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीतला होता आणि रक्तदाब उतरवीत होता. 2007 मध्ये तो सीबी-1 या कॅनाबिनॉइड ग्राहीवर क्रिया करतो असे दाखवले गेले, आणि वेदनाशमन व भूक यांवरील औषधांच्या आशेने त्याच्यामागे अनेक प्रयोगशाळा लागल्या. पुढे लक्षात आले की या तुकड्याच्या अलीकडे अ‍ॅस्पार्टिक आम्ल व प्रोलिन यांचा जो बंध आहे, तो गरम आम्लात आपोआप तुटतो. आणि निष्कर्षणासाठी वापरले गेले होते गरम आम्लच. म्हणजे तो नऊ अमिनो आम्लांचा तुकडा मेंदूने नव्हे, परीक्षानळीने तयार केला असण्याची शक्यता बळावली. प्रयोग, प्राणी आणि वर्षे यांचा हिशोब अशा वेळी कोणी मांडत नाही.

गंमत अशी की कथा तेथे संपली नाही. त्याच तुकड्याची अलीकडे दोन-तीन अमिनो आम्लांनी लांब असलेली रूपे 2009 मध्ये मेंदूच्या अर्कात आढळली आणि तीही कॅनाबिनॉइड ग्राहीवर क्रिया करतात असे दिसले. त्यामुळे 'पूर्वसंप्रेरकातून आले नाही म्हणून टाकाऊ' असा सोपा नियमही करता येत नाही. संशय आणि स्वीकार यांत निवड करण्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या बाहेरचा पुरावा लागतो, एवढेच त्यातून सिद्ध होते.

यादीपासून कार्यापर्यंत

असा बाहेरचा पुरावा मिळवण्याचा उत्तम नमुना त्याच अर्बाना गटाने 2008 मध्ये घालून दिला होता, ही बाब आवर्जून नोंदवावीशी वाटते. 'प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस'मधील त्या कामात केंद्रकातील साठ्याऐवजी त्यातून बाहेर पडणारा स्राव गोळा केला गेला. डोळ्याच्या पडद्याकडून येणाऱ्या चेतामार्गाला विद्युत-उत्तेजन दिले असता काही ठरावीक पेप्टाइडेच बाहेर पडली. त्यांत लिटल सास हे ठळक होते. हे पेप्टाइड प्रोसास या पूर्वप्रथिनातून येते. ते पूर्वप्रथिन स्वतः 2000 साली फ्रिकर यांच्या गटाच्या पेप्टाइडशोधातून पुढे आले. त्यांची युक्ती मोठी चतुर होती. ज्या उंदरांत कार्बॉक्सिपेप्टिडेज ई बिघडलेला असतो, त्यांच्या मेंदूत टोकाला लायसिन वा आर्जिनिन लटकत राहिलेली अर्धवट पेप्टाइडे साचतात. ती शेपटी पकडूनच त्यांनी ती वेगळी केली. निसर्गाने केलेल्या चुकीचा असा उपयोग विज्ञानात फार थोड्यांना सुचतो.

लिटल सास बाहेरून केंद्रकाच्या कापावर घातले असता घड्याळाची लय सरकली. आढळ, उत्तेजनानंतरचा स्राव आणि परिणाम या तीन पायऱ्या येथे क्रमाने चढलेल्या दिसतात. त्यामुळे 2008 चे काम नावांच्या संख्येने लहान असूनही 2010 च्या यादीपेक्षा अधिक मोलाचे ठरते. चौथी पायरी, म्हणजे ग्राही, ही प्रोसासच्या भावंडांच्या बाबतीत पुढे पुष्कळ उशिरा गाठली गेली: बिग लेनसाठी जीपीआर-171 हा ग्राही 2013 मध्ये आणि पेनसाठी जीपीआर-83 हा 2016 मध्ये मांडला गेला. यादीत नोंद होणे आणि ग्राही मिळणे यांत दशकाहून अधिक अंतर पडले.

तुलनेसाठी याच केंद्रकातील व्हीआयपी घ्यावे. सामी सईद व व्हिक्टर मुट यांनी 1970 मध्ये ते डुकराच्या आतड्यातून काढले, प्रतिपिंडांनी ते या केंद्रकात दाखवले, आणि 2002 मध्ये त्याचा व्हीपॅक-2 हा ग्राही नसलेल्या उंदरांची दैनंदिन लय कोलमडते हे सिद्ध झाले. व्हीआयपीविषयीची ही खात्री जुन्या, संथ मार्गांनी मिळाली. नव्या यंत्राने शंभर नावे एका दमात दिली. त्यांतील प्रत्येकाला व्हीआयपीसारखा पुरावा मिळवून देण्याचा वेग मात्र तोच राहिला आहे. म्हणून यादी वाढत जाते आणि तिच्यातील बेकार नावांचीही संख्या वाढत जाते. संशोधननिधी देणाऱ्या संस्था यादीच्या लांबीला बक्षीस देतात, तोवर हे असेच चालणार.

घड्याळातील यादीला वेळ कोणती

घड्याळाच्या केंद्रकाची यादी वेळेविना अपुरी असते. त्याच गटाने 2013 मध्ये 'जर्नल ऑफ प्रोटिओम रिसर्च'मध्ये या उणिवेकडे लक्ष पुरवले. प्रकाशकालाच्या मध्यावरील सहावा तास आणि अंधारकालाच्या मध्यावरील अठरावा तास अशा दोन वेळांच्या नमुन्यांची नऊ विश्लेषणांत तुलना केली गेली. आठ पूर्वप्रथिनांतून आलेल्या 10 पेप्टाइडांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला. जीआरपी, पॅकॅप आणि कार्ट यांच्या पूर्वप्रथिनांतील पेप्टाइडे रात्री 30 टक्के वा त्याहून अधिक वाढलेली दिसली, तर प्रोएन्केफॅलिन-ए मधील एका पेप्टाइडाची वाढ 50 टक्क्यांहून अधिक होती. केवळ उपस्थितीवरून प्रमाणाकडे झालेली ही वाटचाल स्वागतार्ह आहे.

तरीही दोन बिंदूंतून लय ठरत नाही. ज्या पेप्टाइडाचे शिखर पहाटे वा संध्याकाळी, म्हणजे शून्याव्या वा बाराव्या तासाला येते, ते सहाव्या आणि अठराव्या तासाला जवळपास सारख्याच प्रमाणात दिसेल आणि 'बदल नाही' या रकान्यात जाऊन बसेल. रॅट हा निशाचर प्राणी. त्याची हालचाल सुरू होते ती नेमकी संध्याकाळी. संक्रमणाच्या त्या घटकांत काय घडते याविषयी हे दोन बिंदू मौन पाळतात. दुसरी बाब अर्थ लावण्याची. कणगी भरलेली दिसली तर पीक चांगले आले असेल, किंवा धान्य विकलेच गेले नसेल. ऊतीतील पेप्टाइडाचे वाढलेले प्रमाणही तसेच दुतोंडी आहे: निर्मिती वाढली असेल, किंवा स्राव थांबल्याने साठा तुंबला असेल. रात्री 30 टक्क्यांनी वाढलेले जीआरपी पूर्वप्रथिनातील पेप्टाइड त्या रात्री शेजारच्या पेशींना अधिक सांगत होते की कमी, हे या आकड्यावरून ठरवता येत नाही. त्यासाठी 2008 ची स्राव गोळा करण्याची रीत आणि 2013 चे परिमाणन एकत्र आणून दर दोन वा तीन तासांनी, किमान एक पूर्ण दिवस-रात्र, त्याच केंद्रकाच्या कापांवर मोजणी करावी लागेल. आणि तीत सूक्ष्मलहरींनी शिजवलेल्या मेंदूचा एक समांतर नमुना ठेवून स्टॅथमिनचा तो तुकडा प्रत्येक वेळी तपासावा लागेल.